लेकीला बेंगळूरला पाठवू का?

खानापूर तालुक्यातून एका पालकांचं पत्र आलं आहे. दोन एकर भातशेती आहे. थोरली मुलगी दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात केली आणि यंदा इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनमध्ये बीई झाली. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. बेंगळूरच्या बोम्मसंद्र भागातल्या सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगचं काम आहे, हातात २३ हजार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात काम आहे, १४ हजार, घरून ये-जा करता येईल. पुण्याचे मामा म्हणतात, "इकडे या, बघू काहीतरी." शैक्षणिक कर्ज तीन लाखांचं आहे. वडील विचारतात, "तिथल्या महागाईत पगार तिचा तिलाच पुरायचा नाही, मग एवढ्या लांब पाठवायची कशाला? तिच्या आईला तर आत्तापासून झोप नाही."

नमस्कार,

पत्रातला तुमचा हिशेब खरा आहे, पण तो पहिल्या वर्षाचा आहे. आधी तोच मांडू. बोम्मसंद्र-इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पट्ट्यात दोघींच्या खोलीत, जेवणासकट पीजीला (पेइंग गेस्ट म्हणून राहण्याला) आठ-नऊ हजार धरा. दुपारचा चहा-नाश्ता, मोबाइल, साबण-तेल यांना साडेतीन हजार. कपडे, औषधपाणी, अधूनमधून गावची फेरी यांना अडीच. हात आखडता ठेवला तर आठ हजार उरतील. उद्यमबागेत १४ हजारांतले बारा उरतील, कारण राहणं-जेवण घरचं आणि साध्या सरकारी बसला मुलींना तिकीटच नाही. म्हणजे पहिल्या वर्षी उद्यमबाग महिन्याला चार हजारांनी पुढे. तरीही मी बेंगळूरच म्हणेन.

पहिली नोकरी कुठेही मिळते हो. दुसरी मिळायला मोठं शहर लागतं. तुमच्या मुलीच्या विषयात बेळगावात दोन वर्षांनी नोकरी बदलायची म्हटली तर दारं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बेंगळूरला या विषयाची मुळं जुनी आहेत. हिंदुस्तान एरोनॉटिक्स १९४० ची, टेलिफोन बनवणारी आयटीआय १९४८ ची, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ ची. पुढे इस्रोचं मुख्यालय तिथं आलं, सत्तरच्या दशकात राज्य सरकारच्या केओनिक्स या कंपनीने इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी चिप कंपनी आली. या मोठ्यांना सुटे भाग पुरवणारे, बोर्ड बनवणारे, तपासून देणारे लहान कारखाने त्यांच्या आजूबाजूला उभे राहिले. तुमच्या मुलीला बोलावणारी कंपनी त्याच जातीची दिसते. तिथं दोन वर्षं मन लावून टेस्टिंग केलेल्या मुलीला शेजारच्या गल्लीतला कारखाना ओळखतो. पगाराची उडी तिथं लागते, पहिल्या कंपनीच्या वार्षिक वाढीत नाही.

उद्यमबागेला नावं ठेवायचा हेतू नाही. मुलगी मेकॅनिकलची असती तर मी नेमका उलटा सल्ला दिला असता. ओतकाम, मशीनिंग, हायड्रॉलिक्स यांत बेळगावचा हात धरणारी गावं थोडी आहेत, आणि हत्तरगीला तर विमानांचे भाग बनतात. पण फौंड्रीच्या ऑफिसात बिलं नि चलनं लिहीत बसलेली इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी दोन वर्षांत आपलं शिक्षण विसरते. असे बायोडाटा माझ्याकडे येतात. त्यात पुढे काय लिहायचं हेच त्या मुलांना सुचत नाही.

आता त्या शहराच्या त्रासाकडे वळू. तो खोटा नाही. २००१ च्या जनगणनेत बेंगळूर महानगराची वस्ती ५७ लाख होती, २०११ मध्ये ८५ लाख. आज ती सव्वा कोटीच्या पुढे गेल्याचे अंदाज आहेत. माणसं आधी आली. रस्ते, पाणी, मेट्रो मागून. त्यामुळे तिथं पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, काम आणि खोली यांत अंतर किती. नात्यातलं कुणी यशवंतपूरला किंवा राजाजीनगरला राहत असेल आणि "आमच्याकडेच राहू दे, खर्च वाचेल" म्हणत असेल, तर नम्रपणे नको म्हणा. तिथून बोम्मसंद्र म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. रोजचे तीन-चार तास रस्त्यावर जातील. संध्याकाळी दमून आलेली मुलगी नवं काय शिकणार? ते नातेवाईक रविवारी जेवायला जाण्यासाठी असू देत.

खोली कंपनीच्या जवळच घ्या, हजार रुपये जास्त पडले तरी. ऑगस्ट २०२५ पासून आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी लाइन सुरू झाली आहे. १९ किलोमीटर, मधे इलेक्ट्रॉनिक सिटी आणि वाहतूक कोंडीसाठी बदनाम झालेला तो सिल्क बोर्ड चौक. पुढे नोकरी बदलली तरी याच लाइनवर खोली शोधावी. आपल्याकडच्या बसला लागू असलेली, बायकांना फुकट प्रवासाची शक्ती योजना बीएमटीसीच्या, म्हणजे बेंगळूरच्या शहर सेवेच्या, साध्या बसलाही चालते. ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता असला म्हणजे झालं. पुण्यात ही सोय तिला मिळणार नाही.

पीजी बघायला तुम्ही स्वतः जा, आणि दिवसा नको, संध्याकाळी सातनंतर जा. तेव्हा सगळ्या मुली परतलेल्या असतात आणि नळाला खरोखर पाणी आहे का ते कळतं. बेंगळूरला कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, खालून वर चढवून आणावं लागतं. शहराच्या कडेचा भाग बराच काळ बोअरवेल आणि टँकरवर जगला. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा सगळ्यांत जास्त हाल याच कडेच्या वस्त्यांचे झाले. त्या वर्षी ऑक्टोबरात कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण बोम्मसंद्र मूळ शहराच्या बाहेरचं, म्हणून मालकाला सरळ विचारा : पाणी कशाचं, टँकर बंद पडला तर काय? जमलं तर तिथल्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, रात्री दहाला पाळी सुटून आलं की ताट झाकून ठेवतात का आणि गेट उघडतात का. गेट दहाला बंद होतं नि पाळी दहाला सुटते, असे पीजी मी पाहिलेत. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, नोटीस किती दिवसांची, हे लिहून घ्या.

होकार कळवण्याआधी ऑफर लेटर पुन्हा एकदा वाचा. ते कंपनीचं स्वतःचं आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं? कंत्राटदाराचं असेल तर २३ हजारांतून काय काय कापणार आणि पीएफ भरणार का, हे ईमेलने विचारा. उत्तर तोंडी देत असतील तर ते उत्तर धरू नका. मूळ मार्क्स कार्ड कुणी "जमा करा" म्हणालं तर देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या. नोकरीसाठी पैसे मागितले तर ती नोकरीच नाही. रात्रपाळी असेल तर मुलींची लेखी संमती घेणं आणि ने-आण करायला गाडी देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. गाडी पीजीच्या दारापर्यंत येते की हमरस्त्यावर सोडते, एवढं मात्र विचारून ठेवा. तिच्या आईच्या झोपेचा प्रश्न तिथं बराचसा सुटेल.

कन्नडची काळजी तुम्ही उगाच करताय. शाळेत ती कन्नड शिकली आहे, बेळगावच्या बसमध्ये आणि बाजारात बोलली आहे. तिथं तिच्या उत्तरेकडच्या हेलाला कुणी हसलं तर हसू दे, चार महिन्यांत सवय होईल. कारखान्यात लाइनवर काम करणाऱ्या बायका कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी सगळं मिसळून बोलतात. अडेल ते इंग्रजीशी. टेस्ट रिपोर्ट, बिघाड कुठे आणि का झाला याचा ईमेल, महिन्याची बैठक, सगळं इंग्रजीत. जायला अजून वेळ असेल तर रोज एक रिपोर्ट लिहायला सांगा, अगदी घरातला रेडिओ का बंद पडला याचा. मराठी माध्यमातल्या मुलांना विषय येतो, पण लिहिताना हात थबकतो. त्याला हाच इलाज.

मामांचं मन मोडू नका, पण हातातली नोकरी सोडून "बघू काहीतरी"साठी जाऊ नये. आपल्या सीमाभागात पुणे आपलं वाटतं आणि बेंगळूर म्हणजे कन्नडमधल्या सरकारी परिपत्रकांचं गाव, हे मी रोज ऐकतो. त्यामागचं कारणही मला ठाऊक आहे. पण हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेली गाडी कुणी मराठी आहे म्हणून पुढे सरकत नाही. पुण्यातून असंच पक्कं पत्र आलं असतं तर मी दोन्ही समोर ठेवून विचार केला असता.

कर्जाचं असं : बऱ्याच बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही. तुमची नेमकी तारीख शाखेत विचारून घ्या. सात वर्षांची मुदत आणि दहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर तीन लाखांना हप्ता पाच हजारांच्या घरात जातो, म्हणजे तिच्या उरणाऱ्या आठ हजारांत बसतो. त्यापलीकडे पहिल्या दीड वर्षात तिच्याकडून घरी पैसे मागू नका. उरलेले तीन हजार तिच्याच खात्यात राहू देत. नोकरी गेली तर दोन महिने पीजीचं भाडं भरता आलं पाहिजे, नाहीतर मुलं मिळेल ते काम धरतात. आणि दर पंधरवड्याला "कधी येतेस?" असंही विचारू नका. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, दिवसा साडेआठ तासांत पोहोचवणारी वंदे भारतही आता बेळगावातून आहे, ती येईल. गणपतीची रजा मात्र आत्ताच मागायला सांगा.

धाकट्याबद्दल शेवटी दोन ओळी लिहिल्या आहेत तुम्ही. तो दुसऱ्या पीयूसीला आहे आणि त्याला पुण्यात इंजिनिअरिंग करायचंय. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी 'टाइप ई' हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी गाव आणि मातृभाषा यांचे दाखले लागतात, आणि ते सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच हवेत. ऐन वेळी धावपळ केलेले दाखले चुकीच्या नमुन्यात निघतात आणि अर्ज या प्रकारात धरला जात नाही. त्याला महाराष्ट्राची सीईटी द्यायला लावा आणि कर्नाटकाचीही. दोन्हीचे निकाल हातात आले की त्याच्याच अक्षरात मला पत्र लिहू द्या.