१९३०च्या दशकातल्या मंदीत ब्रिटनमध्ये सगळेच लोक हलाखीत होते का?

नाही, आणि त्या काळाची गंमत (क्रूरता म्हणा हवं तर) तिथेच आहे. लंडनच्या आसपास आणि मिडलँड्समध्ये (म्हणजे मध्य इंग्लंडात) मोटारींचे, विजेच्या वस्तूंचे नवे कारखाने निघत होते. व्याजदर उतरल्यामुळे मध्यमवर्ग धडाधड घरं घेत होता. पण कोळसा, जहाजं आणि कापड यांवरच ज्यांचं पोट होतं, त्या उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि दक्षिण वेल्सचं कंबरडं मोडलं. १९३३च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा ३० लाखांच्या आसपास होता.

लोकांचा खरा राग होता तो १९३१च्या 'मीन्स टेस्ट'वर, म्हणजे बेकारभत्ता देण्याआधी घरातल्या सगळ्यांची कमाई तपासण्यावर. तपासणीला माणूस थेट घरात येणार, कोण किती कमावतं ते विचारणार. मुलगी चार पैसे मिळवू लागली की बापाचा बेकारभत्ता कापला जायचा. म्हणून कमावती पोरं घर सोडून वेगळी राहायला जात.

ईशान्य इंग्लंडमधलं जॅरो हे गाव तर जहाजबांधणीचा कारखाना बंद पडल्यावर बसलंच. ऑक्टोबर १९३६मध्ये तिथले सुमारे २०० पुरुष काम मागायला लंडनपर्यंत जवळपास ४५० किलोमीटर चालत गेले. पंतप्रधान बाल्डविन त्यांना भेटलेसुद्धा नाहीत.