इंग्रजीतल्या 'रन'चे इतके अर्थ कसे? सगळे पाठ करावे लागतात का?

तुमची तक्रार अशी की शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढंच शिकवलं, आणि आता परीक्षेच्या पुस्तकात नाकही रन होतंय, दुकानही रन होतंय, रस्तासुद्धा रन होतोय. पाठ करू तरी किती?

मी इंग्रजीचा मास्तर नाही. अमळनेरला आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. पण याच शब्दाने माझी भर दुकानात फजिती केली होती, म्हणून लिहितो.

दहावीच्या सुट्टीत मी आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली दुकानात बसायला लागलो. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, आम्ही त्याआधीचे, आमची एबीसीडी पाचवीत. तरी दुकानात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे भाव होता. एक शेतकरी नवा पंप घेऊन आला आणि सोबतचा कागद पुढे करून म्हणाला, वाच बरं काय लिहिलंय. ठळक अक्षरात होतं, 'डू नॉट रन ड्राय'. मी ऐटीत सांगितलं, "कोरडं धावू नका."

तो बिचारा स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. आप्पा स्टेटरमध्ये, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागात, तार भरत होते, मान वर न करताच म्हणाले, "मोटर चालस रे भाऊ, पयत नही."

'पयणं' म्हणजे पळणं, आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. आप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका वाक्यात आहे. इंग्रज जिथे धावतो तिथे मराठी माणूस बहुतेक वेळा चालतो. मोटर चालते, दुकान चालतं, जिनिंग हंगामभर चालते, सिनेमा पाच आठवडे चालतो, करार तीन वर्षं चालतो. इंग्रजीत या सगळ्यांना रन. कुठलीही गोष्ट एकदा सुरू झाली आणि आपल्या ओघात पुढे जात राहिली की झालं, पाय असोत नसोत.

माझी दुसरी चूक जास्त महत्त्वाची होती, ती कुणी फारशी सांगत नाही. मराठीत 'मोटर चालते' आणि 'मी मोटर चालवतो' यांत एक 'व' येतो, आणि तो आला की कळतं, करणारा दुसरा कुणीतरी आहे. इंग्रजीत तसला 'व' नाही. 'द मोटर रन्स' आणि 'आय रन द मोटर', क्रियापद तेच. त्यात सूचनेच्या कागदावर जागा वाचवायला कर्मही गाळतात, म्हणजे 'पंप पाण्याशिवाय चालवू नका' यातला पंपच गायब. म्हणून 'रन' दिसलं की आधी विचारायचं, इथे कोण कुणाला चालवतंय? तेवढं विचारलं असतं तर तो शेतकरी पायांकडे बघत बसला नसता.

दुसरा मोठा गट वाहण्याचा. नाक वाहतं, नळ वाहतो, तापी पश्चिमेला वाहते, सगळीकडे रन. हे कुणी मागाहून अलंकार म्हणून चिकटवलेलं नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वजाचा अर्थ धावणे आणि वाहणे असा दोन्ही होता, आणि जर्मनमधला त्याचा भाऊ 'रिनेन' आजही पाणी वाहण्या-झिरपण्यासाठीच वापरतात. नव्या साडीचा रंग धुताना बाकीच्या कपड्यांना लागला तर तेही रनच, आपण म्हणतो रंग गेला.

रस्त्याचं मात्र चालणंही नाही आणि वाहणंही नाही. धुळ्याहून रस्ता साक्रीकडे 'जातो'. तिथे आप्पांचा नियम चालत नाही.

निवडणुकीची गंमत बघा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, इंग्लंडमध्ये उभा राहतो. आपल्याकडेही सरपंचकीला उभाच राहतो, आणि गल्लीत पोस्टर लागलं की लढवायला लागतो.

मग येतात शेपटीवाले, म्हणजे 'रन'ला मागे आउट, इनटू असा शब्द जोडलेले. 'रन आउट' म्हणजे क्रिकेटमध्ये धावचीत, दुकानात माल संपला. 'वुई हॅव रन आउट ऑफ केबल', केबल संपली. ('हॅव'पुढे 'रॅन' लिहू नका. रन, रॅन, पुन्हा रन. परीक्षेत इथेच मार्क जातात.) 'रन इनटू'पुढे माणूस आला तर बहुधा अचानक भेट झाली, झाड आलं तर धडक बसली. 'रन ओव्हर' जपून वापरा, गाडीखाली येण्याचा अर्थ त्यात आहे. हे शेपटीवाले मात्र खरंच एकेक करून शिकावे लागतात, त्याला पळवाट नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. आकडा बघून घाबरू नका, आपलं 'लागणे' काय कमी आहे? बोअरला पाणी लागतं, पोराला नोकरी लागते, पायाला ठेच लागते, दूध खाली लागतं, निकाल लागतो. यातलं एक तरी कुणी पाठ केलंय?

आणि 'रन' तर तुम्ही रोज बोलता. पाइप 'रनिंग फुटा'वर मोजून घेता. जुनी मोटारसायकल विकताना 'रनिंग कंडिशन' लिहिता. आमच्याकडे सिंगल फेजची मोटर उघडली की आत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, एक 'स्टार्टिंग', एक 'रनिंग'. पहिली मोटरला धक्का देऊन जागची हलवते, दुसरी पुढे चालती ठेवते. दुकानातल्या पोराला हे कुणी शब्दकोश उघडून शिकवत नाही, तार हातात दिली की येतं. तुम्हीही अर्थांची यादी करू नका, पूर्ण वाक्यं लिहा, आणि शक्यतो आपल्या घरातली, शेतातली.

उलट्या दिशेने मात्र सावध. आपलं 'चालेल' म्हणजे 'इट विल रन' नव्हे. माझ्या पुतण्याने नोकरीच्या मुलाखतीत, सोमवारी येता का असं विचारल्यावर, हेच उत्तर दिलं होतं. समोरचे साहेब मराठी होते म्हणून हसून सोडलं.

बाकी ते 'रन ड्राय' अजून माझ्या रोजच्या कामात आहे. मे महिन्यात विहिरी आटतात, इंग्रजीत त्यालाही 'रन ड्राय'च म्हणतात. म्हणजे विहीर रन ड्राय झाली, आणि मालकाला पत्ता नसला की पंपही रन ड्राय होतो. सील जळतं, बुश घासतात, शेवटी वाइंडिंग काळं पडतं. मग दुकानासमोर मोटरींची रांग लागते. आता नवा पंप देताना खोक्यावर मी जाड पेनाने लिहितो, 'कोरडी चालवू नका'. परवा एकाने ते वाचून विचारलं, "कोन ले सांगी राह्यना, माले का मोटरले?"