वाचकांचे प्रश्न : ठळक वलय बाद का होते?

प्रश्न : जीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या टीजीएसएस सर्वेक्षणात (१५० मेगाहर्ट्झ) मी सुपरनोव्हाचे अवशेष, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांची वलयासारखी दिसणारी कवचे, शोधतो आहे. चित्रातली वर्तुळे हुडकणारे हफ रूपांतर शेकडो वर्तुळे दाखवते आणि १.४ गिगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस या दुसऱ्या रेडिओ सर्वेक्षणाशी तेजस्विता ताडताना ठळक वलयेही बाद होतात. कुठे चुकते आहे?
– एक विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वर्तुळांचा सुळसुळाट बहुधा बिंदुस्रोतांमुळे, म्हणजे ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या रेडिओ स्रोतांमुळे आहे. तेजस्वी स्रोताभोवती उरलेल्या लहरी वलयासारख्याच दिसतात, म्हणून अशा स्रोतावरच केंद्र असलेले वलय संशयास्पद समजा. हफच्या आधी बिंदू पुसून घ्या : किमान-फिल्टर (खिडकीतली सर्वांत कमी किंमत घेणारा), मग त्याच मापाचा कमाल-फिल्टर (सर्वांत जास्त किंमत घेणारा). खिडकी बीमच्या (चित्रात बिंदुस्रोत जेवढा पसरून दिसतो त्या ठिपक्याच्या) साधारण तिप्पट, म्हणजे ७५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). फार मोठी ठेवलीत तर अवशेषाची पातळ कडाही पुसली जाते. हफमध्ये प्रत्येक वर्तुळाच्या मतांना (त्यावर पडणाऱ्या चित्रबिंदूंना) त्याच्या परिघाने भागायला विसरू नका, नाहीतर मोठी वर्तुळे नुसत्या गोंगाटावर जिंकतात.

ठळक वलये बाद होण्यामागे मात्र एककाचा घोळ असावा. टीजीएसएसचा बीम २५ आर्कसेकंद, एनव्हीएसएसचा ४५. दोन्ही सारखे करायला टीजीएसएसच्या चित्रावर ३७.४ आर्कसेकंदांचा गाऊशियन (घंटाकृती धूसर करणारा फिल्टर) फिरवता, ते बरोबरच. पण चित्र 'जान्स्की प्रति बीम'मध्ये आहे (जान्स्की हे रेडिओ तेजस्वितेचे एकक), तेव्हा नंतर (४५/२५)², म्हणजे ३.२४ने गुणायला हवे. वर्णपट-निर्देशांक (वारंवारतेनुसार तेजस्विता किती बदलते ते सांगणारा आकडा) -०.५ असलेला अवशेष १.४ गिगाहर्ट्झपेक्षा १५० मेगाहर्ट्झला सुमारे तिप्पट तेजस्वी असतो. ३.२४चा गुणक लावायचा राहिला की दोन्ही तेजस्वितांचे गुणोत्तर १च्या आसपास येते, आणि अस्सल अवशेष तप्त हायड्रोजनच्या ढगासारखा सपाट (दोन्हीकडे सारखाच तेजस्वी) भासतो व बाद होतो! आकाशात १९ अंश उत्तर क्रांतीच्या (क्रांती म्हणजे आकाशातले अक्षांश) खाली टीजीएसएसचा बीम लांबट होत जातो. तिथे गाऊशियनही लंबगोल घ्या आणि गुणक नव्याने काढा.

साधारण १५ आर्कमिनिटांहून (पाव अंशाहून) मोठ्या वलयांसाठी हे गुणोत्तर वापरूच नका. एनव्हीएसएस तेवढा पसरलेला प्रकाश गमावते आणि हायड्रोजनचा ढगही अवशेष वाटू लागतो. तिथे वाइज या अवरक्त अवकाश दुर्बिणीचे २२ मायक्रॉनचे चित्र बघा : वलय त्यातही लख्ख असेल तर तो बहुधा हायड्रोजनचा ढग, सोडून द्या.

प्रश्न : नागपुरातून घरच्या दुर्बिणीने एखादा अवशेष दिसेल?
– एक वाचक, महाल

उत्तर : हो, वृषभ राशीतला क्रॅब नेब्युला, प्रत (तेजस्वितेचा आकडा) ८.४. डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास तो नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) नेमकी तिथेच वळायला अडते, म्हणून तासभर आधी किंवा नंतर बघा, आणि शहराच्या झगमगाटापासून लांब, रामटेकच्या बाजूला जा.