अथेन्सची लोकशाही आणि रोमचे प्रजासत्ताक यांत मुख्य फरक कोणता?

मुख्य फरक मते मोजण्यात होता: अथेन्सच्या सभेत प्रत्येक नागरिकाचे मत सारखे, तर रोममध्ये मते गटागटाने मोजली जात. कॉन्सुल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या रोमन सभेत १९३ गट होते, श्रीमंतांचे गट आधी मत देत आणि बहुमत होताच मतदान थांबे; गरिबांची पाळी अनेकदा येतच नसे. अथेन्समध्ये ५०० जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडत, सेनापती मात्र मतदानाने. चिठ्ठी ही लोकशाहीची आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची रीत मानली जाते, असे अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये नोंदवले आहे, आणि मला हाच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र अथेन्स म्हणजे सगळा ग्रीस नव्हे. स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरराज्यात दोन राजे होते. शिवाय अथेन्समध्येही स्त्रिया, गुलाम आणि परके यांना मत नव्हते.