घरच्या घरी गॅस्केट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : जुन्या मोटारसायकलच्या क्लच कव्हरचे पॅकिंग तयार मिळत नाही. शीट आणून घरी कापले तर चालेल का? किती जाडीची शीट घ्यावी?

उत्तर : चालेल. पॅकिंग म्हणजेच गॅस्केट, दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मध्ये घातलेला पातळ थर. हात बसवायला क्लच कव्हर ही चांगली जागा आहे. आत फारसा दाब नसतो, उष्णता तेलाइतकीच, त्यामुळे साधा गॅस्केट पेपर पुरतो. जाडी मात्र अंदाजाने ठरवू नका. जुने पॅकिंग फाटले असले तरी त्याचा एखादा अखंड तुकडा जपून ठेवा आणि तो मायक्रोमीटरने दोन ठिकाणी मोजा. बोल्टच्या शेजारी तो पुरता दबलेला असतो. कव्हरच्या बाहेर डोकावणाऱ्या कडेला दबलेलाच नसतो. हे दुसरे माप मूळ शीटच्या जाडीजवळचे असते. कड तेल पिऊन फुगली असेल तर थोडे कमी धरा. कागद साधारणपणे ०.२५, ०.४, ०.५, ०.८ आणि १ मिमी जाडीत मिळतो. त्यातला सर्वांत जवळचा घ्या.

एवढा काटेकोरपणा अशासाठी, की काही कव्हरे नुसती झाकणे नसतात. आत एखाद्या शाफ्टचे टोक कव्हरला टेकत असेल, तर त्या शाफ्टची लांबीच्या दिशेने पुढे-मागे होणारी चाल गॅस्केटच्या जाडीवर ठरते. ऑइल पंपाच्या झाकणाखाली गॅस्केट असेल तर गिअर आणि झाकण यांतली फट तेच ठरवते : ०.१ मिमी जादा झाले तरी तेलाचा दाब उतरू शकतो, कमी झाले तर गिअर झाकणाला घासतात. यांत्रिक पेट्रोल पंपाखालचे पॅकिंग जाड झाले की पंपाचा दांडा कॅमवर (त्याला ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) कमी हलतो आणि जोरात पळवताना इंजिनाला पेट्रोल कमी पडते. अशा जागी ‘जाड घातले म्हणजे गळणार नाही’ हा हिशेब हमखास अंगाशी येतो.

प्रश्न : आकार कसा उतरवायचा? कागद कव्हरवर धरून कडेने हातोडीने ठोकायची पद्धत सगळीकडे दिसते.

उत्तर : ती पद्धत जुन्या बिडाच्या ब्लॉकपुरती ठेवा. अॅल्युमिनियमच्या कडेवर हातोडी बसली की कड चेपते, तिथे बारीक उंचवटा तयार होतो आणि नवे गॅस्केट नेमके तिथेच गळते. शिवाय कागदाचे तुकडे आत पडून तेलाच्या वाटेत अडकू शकतात.

कव्हर सुटे काढता येत असेल तर त्याच्या साफ केलेल्या कडेला बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, कागदावर सरळ दाबा आणि उचला. छाप स्वच्छ उमटतो. छाप आरशातल्यासारखा उलटा असतो हे लक्षात ठेवा. कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर फरक पडत नाही, एका बाजूला लेप असेल तर पडतो. दुसरा मार्ग स्कॅनरचा. कव्हर काचेवर ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि छापताना प्रमाण १०० टक्केच ठेवा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर आकार गुपचूप दोन-चार टक्क्यांनी आक्रसतो. छापल्यावर सर्वांत दूरच्या दोन बोल्टच्या भोकांमधले अंतर व्हर्नियरने ताडून पाहा आणि मगच कापायला घ्या.

कापण्याचा क्रम असा : आधी भोके, मग आतली कड, बाहेरची कड सर्वांत शेवटी. बाहेरची कड आधी कापली की हातात नुसती लवलवती पट्टी उरते आणि भोक पाडताना ती फाटते. भोके होल पंचनेच पाडा, कारण ड्रिलने कागद ओरबाडला जातो. खाली लाकडाचा ठोकळा असा ठेवा की पंच लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे ओंडक्याच्या तोंडावर बसेल. पंचाची धार टिकते. ६ मिमीच्या बोल्टला ६.५ ते ७ मिमीचे भोक ठेवा. अगदी घट्ट भोक ठेवले तर गॅस्केट बसवताना बोल्टभोवती सुरकुतते. डॉवेल पिनचे (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंटीचे) भोक मात्र नेमक्या मापाचे हवे, कारण गॅस्केट जागेवर धरून ठेवायचे काम तीच पिन करते. आतल्या कोपऱ्यांतही आधी पंचने गोल भोक पाडा आणि मग ब्लेडने त्या भोकापर्यंत या. टोकदार कोपऱ्यातून चीर पुढे सरकते. शेवटी गॅस्केट ब्लॉकवर ठेवा आणि तेलाचे प्रत्येक भोक उघडे आहे का, हे उजेडात बघा. तेलाचे एक भोक झाकले गेले तर पूर्ण इंजिन जाऊ शकते.

प्रश्न : कार्बोरेटरच्या पॅकिंगऐवजी सिलिकॉन सीलंट लावले. आठवड्यात ते लिबलिबीत होऊन निघाले. असे का?

उत्तर : साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते. सुटलेला धागा जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) गेला की इंजिन बंद पडलेच. नैसर्गिक रबराची शीटही इथे चालत नाही. नायट्राइल रबरात बांधलेली फायबर शीट घ्या, ०.५ ते ०.८ मिमी, आणि ती कोरडीच बसवा. कार्बोरेटर आणि इनलेटच्या मधला जाड, कडक प्लास्टिकचा ठोकळा हा उष्णता अडवण्यासाठी असतो. त्याच्या जागी कागद घालू नका. गरम इंजिनात पेट्रोल उकळते आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते. बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून सांध्यावर स्प्रेने थोडे पाणी मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे.

प्रश्न : एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे हेड गॅस्केट तांब्याचे बनवता येईल का?

उत्तर : येईल, पण गॅस्केट फक्त ज्वलनाचा दाब अडवत असेल तरच. त्यातून पाण्याच्या वाटा जात असतील, किंवा मूळ गॅस्केट पोलादाच्या अनेक थरांचे असेल, तर घरी बनवू नका. तांब्याचा नुसता पत्रा पाणी नीट अडवत नाही.

इथेही जाडीचाच हिशेब आधी करा. समजा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी, म्हणजे सुमारे ९८ सीसी, आणि कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे प्रमाण) ९:१. पिस्टन वर असताना उरणारी जागा १२.३ सीसी. गॅस्केट अर्धा मिमी जाड केले की जवळजवळ १ सीसी जागा वाढते आणि कॉम्प्रेशन ८.४ वर येते. पातळ केले तर उलट होते : कॉम्प्रेशन वाढते, ठोका ऐकू येऊ शकतो आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हेडला लागण्याचा धोका असतो. म्हणून तिथे पिस्टनवर, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत दोन्ही कडांना मऊ सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा, हेड कसून इंजिन हाताने एक फेरी फिरवा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजा; तीच पिस्टन आणि हेड यांतली फट.

पत्रा दोन प्लायवुडमध्ये घट्ट आवळून भोके पाडा, म्हणजे कडा वळत नाहीत. मधले भोक बारीक करवतीने कापून अर्धगोल कानसीने पुरे करा. त्याचा व्यास बोअरपेक्षा सुमारे १ मिमी जास्त ठेवा. कड आत डोकावली तर ती लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. कापताना दोन्ही बाजूंना उठलेल्या बारीक धारदार कडा पॉलिश पेपरने काढा. मग तांबे मऊ करायचे, आणि हे काम शेवटीच, कारण कापताना, कानसताना पत्रा कडक होतो. मंद उजेडात गॅस टॉर्चने पत्रा सगळीकडे सारखा फिकट लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे होत नाही. पाण्याने वरची काळी खपली मात्र सुटते. नीट मऊ झालेला पत्रा एका कोपऱ्याला धरला तर स्वतःच्या वजनाने वाकतो. हेड पुन्हा उघडाल तेव्हा तेच गॅस्केट पुन्हा तापवून वापरता येते. न तापवता लावले तर गळते.

प्रश्न : टॅपेट कव्हरचे कॉर्क पॅकिंग दोनदा नवे कापले, तरी तेल झिरपते. बोल्ट भरपूर आवळले आहेत.

उत्तर : बहुधा आवळल्यामुळेच. पत्र्याचे कव्हर बोल्टपाशी खाली चेपले जाते आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलले जाते. कव्हर सपाट फरशीवर ठेवून मधल्या फटी बघा; बोल्टची जागा आतून लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ करा. मग कॉर्क घाला आणि ते बाहेर फुगू लागण्याआधी थांबा. अॅल्युमिनियमचे ओतीव कव्हर आणि कागदाचे पॅकिंग असेल तर ६ मिमीच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, तेही मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन टप्प्यांत. इंजिन एकदा तापून पूर्ण गार झाले की पुन्हा एकदा पाना लावा, कारण कागद आणि कॉर्क दबून थोडे पातळ होतात. कॉर्कखाली सीलंट थापू नका. त्याने पॅकिंग निसटते आणि कसताना बाहेर सरकते. कॉर्क कापून बरेच दिवस ठेवल्यामुळे आखडले असेल, भोके जुळत नसतील, तर थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवा. ते बहुधा मापावर येते.

प्रश्न : जुने गॅस्केट ड्रिलवरच्या तारेच्या ब्रशने काढले तर लवकर होते. हरकत आहे का?

उत्तर : मोठी हरकत आहे. जुन्या इंजिनांच्या हेड आणि सायलेन्सरच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ते डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. जुने गॅस्केट साबणाच्या पाण्याने भिजवा, ओले असतानाच प्लास्टिकच्या किंवा कडक लाकडाच्या पात्याने खरवडा, हवेचा झोत मारू नका. कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. बारीक धूळ अडवणारा पी३ किंवा पी१०० फिल्टरचा मास्क लावा. खरवड आणि पुसायची फडकी ओलीच दुहेरी पिशवीत बांधा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.