‘लीडला काही फरकच पडत नाही’: वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

या महिन्यात तीनच पत्रं घेतोय. काका कोण ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बत्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली, आता रिटायर, सकाळी तासभर डोळे मिटून बसतो. भिक्खू नाही, गुरू तर अजिबातच नाही.

प्रश्न: काका, मी हिंजवडीत प्रोजेक्ट लीड आहे, टीम चौदा जणांची. गो-लाइव्ह, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू करायची तारीख, तिसऱ्यांदा पुढे गेलीय. आधी मी क्लायंटच्या कॉलवर बोलणी खायचो आणि सगळं टीमवर काढायचो. मागच्या वर्षी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं, तेव्हापासून चिडत नाही, आतून शांत असतो. पण परवा टीममधल्या एकीने राजीनामा दिला आणि एचआरला सांगून गेली की ‘लीडला काही फरकच पडत नाही.’ म्हणजे चिडलो तरी वाईट, शांत राहिलो तरी वाईट. मग समता ठेवायची तरी कशी?

उत्तर: आधी ते ‘तरी वाईट, तरी वाईट’ मिटवून टाकू. श्रावस्तीच्या अतुल नावाच्या उपासकाची गोष्ट आहे. तो बुद्धांच्या शिष्यांकडे प्रवचन ऐकायला गेला, तर रेवत काहीच बोलले नाहीत म्हणून वैतागला, सारिपुत्त फार बोलले म्हणून वैतागला, आनंद थोडक्यात बोलले तर म्हणे एवढंच? शेवटी बुद्धांकडे गेला तर ते म्हणाले की अतुला, हे आजचं नाही, जुनंच आहे, गप्प बसणाऱ्याला नावं ठेवतात, फार बोलणाऱ्याला ठेवतात, मोजकं बोलणाऱ्यालाही ठेवतात. तेव्हा त्या आघाडीवर सुटका नाही, सोडून दे.

पण ती मुलगी जे म्हणाली ते सोडू नकोस, कारण मला वाटतं तिचं बरोबर आहे.

तू शिबिरात जी समता शिकलास तिला पालीत उपेक्खा म्हणतात, आणि हाच शब्द संस्कृतातून आपल्याकडे आला तो उपेक्षा होऊन, म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. मूळ आहे उप आणि ईक्ष्, जवळ जाऊन बघणं, निरीक्षण, परीक्षा यातला जो ईक्ष् तोच. हा घोटाळा काही आपल्या मराठीनेच केलेला नाही बरं का, पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला त्यात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्खा या चारींचे लांबचे आणि जवळचे शत्रू सांगितलेत. उपेक्खेचे लांबचे शत्रू म्हणजे हाव आणि चीड, ते पटकन ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे न समजून घेता आलेली बेफिकिरी, आणि तो घरच्याच माणसासारखा दिसतो म्हणून कोणी त्याला हटकत नाही. तू आधी चिडीच्या तावडीत होतास, तिथून सुटून थेट बेफिकिरीच्या घरी मुक्कामाला गेलास.

माझं सांगतो. मी साइटवर भयंकर ओरडायचो, म्हणजे लोक माझ्या मोटरसायकलचा आवाज ओळखून कामाला लागायचे आणि मला त्याचा अभिमान होता. एकदा तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होता, रात्रीचं काम, पंप चोक झाला आणि काँक्रीटची गाडी खाली अडीच तास उभी राहिली. सुपरवायझरने काय केलं, तर गाडी परत पाठवली तर साहेब फाडून खातील म्हणून ड्रायव्हरला सांगून ड्रममध्ये पाणी मारलं, माल पातळ केला आणि ओतला. मला पत्ताच नाही. सात दिवसांनी त्या मालाचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, दाबून फोडले. एम-२५ च्या, म्हणजे पुढे पंचवीसची ताकद धरणाऱ्या मालाला तेव्हा सतराच्या आसपास यायला हवी, तर ठोकळा अकरावरच कडकन गेला. त्याला विचारलं सांगितलं का नाहीस, तर मान खाली घालून म्हणाला, साहेब तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली. पुढे स्लॅबमधून कोअर (तुकडे) काढून तपासा, वजन ठेवून लोड टेस्ट करा, दोन महिने गेले त्यात.

चूक त्याची होतीच, पण त्याला खोटं बोलायला मी शिकवलं होतं. आणि आता तुझ्या बाबतीत बघ, जो ओरडतो त्याला वाईट बातमी सांगत नाहीत आणि ज्याला फरक पडत नाही त्यालाही सांगत नाहीत, कारण सांगून उपयोग काय. म्हणजे क्यूब दोन्हीकडे फुटणारच, फक्त तुझ्याकडे त्याला प्रॉडक्शन बग म्हणत असतील.

विसुद्धिमग्गातच एक उपमा आहे, ती मला कुठल्याही मॅनेजमेंट ट्रेनिंगपेक्षा जास्त कामाला आली (आणि ट्रेनिंगं मी बरीच केली, दुपारचं जेवण चांगलं असायचं). एका आईला चार मुलं आहेत, एक लहान, एक आजारी, एक ऐन तारुण्यात, एक आपल्या कामधंद्याला लागलेला. लहान मोठा व्हावा असं तिला वाटतं ती मैत्री, आजारी बरा व्हावा ती करुणा, तरण्याची भरभराट टिकावी ती मुदिता, आणि जो आपलं आपण बघतोय त्याच्यामागे ती लागत नाही, ती उपेक्खा. आई एकच आहे, आणि चौथ्याच्या मागे लागत नाही म्हणून त्याला विसरली असं कोणी म्हणेल का? तू चौदाच्या चौदा जणांना चौथा मुलगा धरून बसलायस. त्यात नुकते कॉलेजातून आलेले असतील, कोणाच्या घरी दुखणं असेल, कोणाचं प्रमोशन झालं असेल आणि तू साधं अभिनंदनही केलं नसशील. ती गेलेली मुलगी यातली कितवी होती हे तुला सांगता येतं का बघ.

कॉल संपल्यावर टीमच्या ग्रुपवर लगेच काही टाकू नकोस. खाली जा, चहा घे, छातीत जे धडधडतंय ते धडधडू दे, शिबिरात पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास बघायला लावतात ते यासाठीच. मग वर येऊन ज्याचं काम अडलंय त्याच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बस आणि म्हण, कुठे अडलंय ते दाखव. आणि टेस्टिंग झालं नसेल तर पुढची नवी तारीख तूच क्लायंटला सांग, टीमला तोंडघशी पाडू नकोस.

प्रश्न: काका, मी नागपूरची. दिवाळीच्या आधी बाबा गेले. पुण्यानुमोदनाला (श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला) नातेवाईक म्हणाले, आपण बौद्ध, ‘अनिच्चा वत सङ्खारा’, सगळं अनित्य आहे, असं म्हणतो ना, मग रडायचं कशाला. मी गप्प बसले. बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, भाऊ म्हणतो विकून टाकू, मला काहीच ठरवता येत नाही. माझी साधना कमी पडतेय का?

उत्तर: ताई, अजिबात नाही. रडू आलं तर रडा.

सारिपुत्त नालक गावी वारले, तेव्हा त्यांची सेवा करणारा चुंद त्यांचं भिक्षापात्र आणि चीवर (वस्त्र) घेऊन श्रावस्तीला आला. ते ऐकून आनंद म्हणाले की माझं अंग जड झालंय, दिशा दिसेनाशा झाल्यात. बुद्धांनी त्यांना विचारलं, सारिपुत्त जाताना तुझं शील, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा घेऊन गेला का? हे सगळे सांगतात. पण त्याच्या थोडं पुढचं कोणी सांगत नाही. बुद्धांचे दुसरे मोठे शिष्य मोग्गल्लानही वारले, त्यानंतर गंगेकाठी उक्काचेला इथे भिक्खू जमले होते, तेव्हा बुद्ध म्हणाले, सारिपुत्त आणि मोग्गल्लान गेल्यावर मला ही परिषद रिकामी वाटते. तिथेच ते हेही म्हणतात की तथागताला शोक नाही. पण जागा रिकामी दिसते हे त्यांनी लपवलं नाही. आणि कुशिनाऱ्यात, बुद्धांच्या अखेरच्या वेळी, आनंद दाराला धरून रडत होते तेव्हा त्यांना बोलावून घेतलं, शोक करू नको म्हणाले, आणि लगेच सगळ्यांसमोर त्यांनी केलेल्या इतक्या वर्षांच्या सेवेचं कौतुक केलं. तुमच्या नातेवाइकांनी पहिला अर्धा भाग तेवढा उचलला.

दुकानाचं आत्ता ठरवू नका. नागपुरात कूलरचा सीझन मार्चपासून, तोवर शटर वर करा, धूळ झाडा, बाबांची उधारीची वही काढा, कोणाकडून किती यायचंय ते लिहून काढा. भावाला म्हणा मे महिन्यापर्यंत थांबू. त्यालाही बाबा गेल्याचं दुःख आहे, तो ते विकून टाकू असं म्हणून बोलतोय इतकंच.

प्रश्न: काका, तुम्ही सारखं सम राहा म्हणता. आमच्या ठेकेदाराने दोन महिने पगार दिला नाही, मी साइट इन्चार्ज, माझ्या हाताखाली वीस पोरं. आता पण सम राहायचं?

उत्तर: हो, आणि पगार मागायचा. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. आपली माणसं उलटून मारायला तयार होती, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. (तेव्हा ते बौद्ध झालेले नव्हते, तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६ चा, पण हात न थरथरता काम करणं म्हणजे काय ते मला यातून जास्त कळलं.) आवरलं म्हणजे विषय सोडला का? तळ्यावरच्या हक्काचा खटला चालू राहिला, हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. दहा वर्षं.

तू पोरांसमोर ठेकेदाराला शिव्या घालू नकोस, आधीच घाबरलेत. प्रत्येकाची हजेरी, दिवस, रक्कम, सगळं कागदावर घे, सह्या घे, फोटो काढून ठेव. मग ठेकेदाराला लेखी दे आणि पोच घे, सात दिवसांची मुदत टाक. नाही दिलं तर जिल्ह्याच्या सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज, वीसही जणांची नावं घालून. आणि अर्ज रागाच्या भरात रात्री लिहू नकोस, सकाळी लिही, रकमा चुकतात.