सीडीसी-४२ बिघडले तरी यीस्टची पेशी वाढते कशी?

तुमचा प्रश्न: सीडीसी-४२ हे प्रथिन यीस्टच्या वाढीला अत्यावश्यक म्हणतात, मग ३७ अंशांना ते बंद पडणाऱ्या उत्परिवर्तकात (जनुकात बदल झालेल्या यीस्टमध्ये) पेशी लहान न राहता फुगून गोल का होतात?

कारण वाढ किती व्हावी हे ते ठरवतच नाही. कुठे व्हावी एवढेच ठरवते. 'किती' हा मुख्यतः टॉर या पोषण पाहून वाढ ठरवणाऱ्या प्रथिनाचा प्रांत. नायट्रोजन मुबलक असला की टॉर रायबोसोम आणि प्रथिनांचे उत्पादन वाढवते. टॉरला रोखणारे औषध रॅपामायसिन दिले की हे उत्पादन खाली येते. तुमच्या उत्परिवर्तकात टॉर शाबूत आहे. वाढीला लागणारा माल तयार होतोच, पण एका जागी न जाता चहूकडे पडतो.

यीस्टची नवी पेशी जुनीवर कळीसारखी फुटते. त्या कळीसाठी एक जागा निवडली जाते कशी, हा यातला खरा रंजक भाग. सीडीसी-४२ जीटीपी या छोट्या रेणूला धरून असले की चालू, त्याचेच एक फॉस्फेट कमी असलेले रूप म्हणजे जीडीपी, त्याला धरून असले की बंद. चालू करते सीडीसी-२४ हे दुसरे प्रथिन. आता गंमत बघा: चालू झालेले सीडीसी-४२ एका कायनेजला (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला) धरते, त्या कायनेजला बेम-१ हे जोडणारे प्रथिन चिकटलेले असते आणि बेम-१ला सीडीसी-२४. म्हणजे जिथे थोडे चालू झाले, तिथेच शेजारचेही चालू होणार. सुरुवातीला दोन-तीन ठिपके उमटले तरी घटक मोजकेच असल्याने ओढाताणीत बहुधा एकच टिकतो. जुन्या कळीची खूण आरएसआर-१ या प्रथिनामार्फत जागा सुचवते खरी, पण आरएसआर-१ काढून टाका, कळी तरीही एकच येते, फक्त कुठेही. पाठ्यपुस्तकातली सरळ बाणांची आकृती इथे दिशाभूल करते, असे माझे मत.

पुढचे थोडक्यात. त्या ठिपक्यापाशी फॉर्मिन हे प्रथिन ॲक्टिन या प्रथिनाचे दोर विणते, मायोसिन हे वाहक प्रथिन त्यांवरून पुटिका (मालाच्या सूक्ष्म पिशव्या) ओढत आणते आणि तिथेच नवे पटल व भित्तिका घातली जाते. आतला दाब सगळीकडे सारखाच, त्यामुळे भित्तिका कमकुवत राहिली तर पेशी फुटते. भित्तिका मजबूत ठेवण्याचा भार ऱ्हो-१ या प्रथिनावर: ते भित्तिकेतले ग्लुकन बनवणाऱ्या विकराला आणि पीकेसी-१ या कायनेजला चालना देते. नंतर बी-गटातले सायक्लिन (पेशीचक्र पुढे नेणारी प्रथिने) कळीची वाढ टोकाकडून सर्वांगाकडे वळवतात. त्यांतले सीएलबी-२ नसेल तर कळ्या लांबट होतात.

तुमच्या फुगलेल्या पेशी एकदा डीएपीआय या डीएनए उजळवणाऱ्या रंगाने रंगवून बघा. बऱ्याच पेशींत एकाहून अधिक केंद्रके दिसतील. कळी नाही म्हणून एसडब्ल्यूई-१ हे कायनेज केंद्रकाचे विभाजन काही काळ रोखते, कायमचे नाही.